सोळा आण्यांची माती

पेशवाई बुडाल्यावर पुणे प्रांतात इंग्रज अधिकारी प्रिंगल यांनी जमीनमोजणीची व साराआकारणीची जी पैमाश केली, ती कागदोपत्री सूक्ष्म असूनही आकार भारी बसल्यामुळे रयतेला पेलली नाही. तेव्हा १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जे काम नव्याने आरंभिले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने ज्याला स्थिर नियम लाभले, त्या कामाचे दस्तऐवज मी महसुलापेक्षा मृत्तिकेचाच ग्रंथ म्हणून आदराने वाचतो.

जमिनीची प्रत ठरवणारा प्रतबंदीचा कारकून शेताच्या आकृतीवर चौकोन पाडी, प्रत्येक चौकोनातील माती खणवून तिचा रंग, पोत व खोली पाही आणि ती खोली ‘हात’ या मापाने मोजून लिही. बारीक, एकजिनसी पोताची काळी वा गडद तपकिरी माती पावणेदोन हात भरली, तर ती सोळा आण्यांची; तितक्याच खोलीची, परंतु पोताने जाडसर व बहुधा तांबडी असली, तर चौदा आण्यांची; आणि करड्या, मुरमाड, सैल मातीला एक हात खोली असूनही सहा आण्यांपलीकडे मोल नसे. यानंतर दोष पाहिले जात: चुनखडीचा वा वाळूचा मेळ, उतार, मातीची पकड नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याखाली जाणे आणि वर पाणी साचणे. प्रत्येक दोषागणिक प्रत एकेक पायरी उतरे. म्हणजे पावणेदोन हात काळी असूनही चुनखड आणि उतार ही दोन्ही आढळली, की सोळा आण्यांची जमीन बारा आण्यांवर येई.

सरकारने दोष मोजले. ते निवारले मात्र रयतेने. उतारावर ताली घालून माती अडवावी, बरड रानात तळ्याचा गाळ ओढून टाकावा, पीक निघाल्यावर धनगराच्या मेंढ्या शेतात बसवाव्या, ताग फुलावर येताच गाडावा, हे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. आणि स्वखर्चाने केलेल्या अशा सुधारणेमुळे फेरआकारणीत सारा वाढवू नये, हे तत्त्व १८७९ च्या महसूल कायद्यात आले, ही मी न्यायाची गोष्ट समजतो.

परंतु सात दोषांत पाण्याचे दोष सर्वांत दारुण. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, उसाचे मळे उभे राहिले, आणि निचऱ्याची सोय नसलेल्या खोल काळ्या जमिनींत क्षार वर येऊन त्या चोपण होऊ लागल्या. १९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे मॅन आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या खोलीमुळे जमीन सोळा आणे ठरली होती, तीच खोली पाणी धरून ठेवून तिच्या मुळावर आली. येथे नुसते खत उपयोगी पडत नाही. आधी चर खणून पाण्याला वाट द्यावी लागते, मग जिप्सम आणि ताग.

म्हणून परसात आंबा लावा की गुलाब, रोप आणण्यापूर्वी पावणेदोन हात खड्डा खणा, मातीचे थर पाहा, त्यात घागरभर पाणी ओता, आणि दुसऱ्या सकाळीही ते तसेच उभे असेल, तर खताची पाटी बाजूला ठेवून आधी चर काढा.