गाव नसलेली स्पर्धा

सोलापूरचा जानेवारी सिद्धेश्वराच्या यात्रेचा. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, गड्ड्यावर पाळणे लागतात. ही यात्रा दुसऱ्या गावी हलवावी, असे कोणाच्या मनातही येणार नाही. याच ऋतूत, पुण्याजवळ बालेवाडीला काही वर्षे टेनिसचा एक मेळा भरत असे. 'महाराष्ट्र ओपन' हे त्याचे नाव. 2018 मध्ये तो महाराष्ट्रात आला आणि 2023 नंतर भरलाच नाही.

'आला' हे क्रियापद येथे जाणीवपूर्वक वापरले आहे. स्पर्धेचा जन्म पुण्याचा नव्हे. 1996 मध्ये ती दिल्लीत सुरू झाली. 1997 पासून 2017 पर्यंत चेन्नईत नांदली. तेथून बालेवाडीस आली. व्यावसायिक टेनिसच्या दिनदर्शिकेत प्रत्येक आठवडा ही एक मालमत्ता असते. तो आठवडा ज्याच्या मालकीचा, तो यजमान शहर निवडतो. त्यामुळे एकवीस वर्षे चेन्नईच्या प्रेक्षकांनी जे जपले, ते करार संपताच उठून निघाले. आपल्याला मिळालेली स्पर्धा ही दुसऱ्याने गमावलेली होती, याचा उच्चार तेव्हाच्या स्वागतात फारसा झाला नाही.

पुण्याच्या वाट्याला पाच स्पर्धा आल्या. 2021 चे वर्ष करोनाने नेले. एकेरीत ज्यिल सिमॉन, केव्हिन अँडरसन, यिरी व्हेसेली, जुआव सोझा आणि टॅलन ग्रीक्सपूर हे विजेते. यांतील 2019 चा अंतिम सामना विशेष. अँडरसनसमोर होता चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, सहा फूट अकरा इंच उंचीचा इव्हो कार्लोव्हिच. तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत गेले. सर्व्हिस भेदणे दोघांनाही जमले नाही. त्याच वर्षी दुहेरीत रोहन बोपण्णा व दिविज शरण, तर 2022 मध्ये बोपण्णा व रामकुमार रामनाथन विजयी झाले. एकेरीत मात्र दिल्लीपासून बालेवाडीपर्यंतच्या सत्तावीस स्पर्धांत एकही भारतीय विजेता नाही.

मग अशा स्पर्धेच्या जाण्याने आपले नेमके काय गेले? याचे उत्तर विजेत्यांच्या यादीत सापडत नाही. ते पहिल्या फेरीत शोधावे लागते. यजमानांना काही खेळाडूंना क्रमवारीचा विचार न करता थेट प्रवेश देता येतो. त्याला 'वाइल्ड कार्ड' म्हणतात. 2009 मध्ये चेन्नईत सोमदेव देववर्मन याच दाराने आत आला आणि अंतिम फेरीपर्यंत पोहोचला; तेथे मारिन चिलिचने त्याला हरवले. 2023 च्या जानेवारीत पुण्याचा पंधरा वर्षांचा मानस धामणे याच दाराने बालेवाडीच्या कोर्टवर उतरला. अमेरिकेच्या मायकेल मोकडून तो सरळ सेटमध्ये हरला. निकाल अपेक्षितच होता. पण आपल्याच शहरात, आपल्या माणसांसमोर, जागतिक दर्जाच्या खेळाडूचे चेंडू त्याने परतवले. त्याच स्पर्धेनंतर ते दार बंद झाले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे परके वाटू नये. 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद पडले, तेव्हा छापून आलेले अंक कोठे गेले नाहीत. ते आजही ग्रंथालयांत आहेत. गेली ती नव्या लेखकाला पहिल्यांदा छापून येण्याची एक जागा. ज्यांचे नाव झाले होते त्यांना दुसरी मासिके होतीच. ज्याचे नाव व्हायचे होते, त्याचे नुकसान मोजायला मात्र कोणतीही सूची उपयोगी पडत नाही. जे घडलेच नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

2024 च्या जानेवारीत तो आठवडा हाँगकाँगला गेला. 2022 मध्ये पुण्यात सोझाकडून अंतिम सामना हरलेला फिनलंडचा एमिल रुसुवुओरी तेथेही अंतिम फेरीत पोहोचला आणि आंद्रे रुब्लेव्हकडून हरला. त्याच्यासारख्यांना शहर बदलल्याने फरक पडला नाही. विमानाचे तिकीट तेवढे वेगळे. फरक पडला तो पुण्या-सोलापुरातल्या त्या मुलांना, ज्यांच्याकडे क्रमवारी नाही आणि ज्यांना आपले शहर हेच एकमेव वाइल्ड कार्ड होते.