गरिबी माफ, हिशेबातली लबाडी नाही: स्वस्तातल्या दरोडापटांची गोष्ट

आजचा विषय फिल्मी आहे, पण गोष्ट इतिहासाची आहे.

दरोडा आणि सूड यांवरचा एखादा कमी खर्चाचा थरारपट येतो. एका शुक्रवारी लागतो, पुढच्या शुक्रवारी उतरतो. आपण म्हणतो, "पडला." आणि दहा वर्षांनी तोच सिनेमा आपणच मित्राच्या गळ्यात मारतो, "अरे, अजून बघितला नाहीस?" मग पहिला निकाल दिला कुणी? आणि कशाच्या जोरावर? हे समजून घ्यायला आपल्याला १९५६ सालच्या अमेरिकेत जावं लागेल. एक गोष्ट आधीच सांगतो. आज मी दोन सिनेमांचे शेवट फोडणार आहे, 'द किलिंग' आणि 'जॉनी गद्दार'. बघायचे राहिले असतील तर आधी बघून या. मी इथंच आहे.

तर १९५५-५६ साल. स्टॅन्ली कुब्रिक तेव्हा सत्तावीस वर्षांचा. 'लुक' मासिकात फोटोग्राफर म्हणून काम केलेला, दोन छोटे सिनेमे नावावर असलेला, पण हॉलिवूडमध्ये फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्याला त्याच्याच वयाचा एक निर्माता भेटला, जेम्स हॅरिस. दोघांनी लायनल व्हाइटच्या 'क्लीन ब्रेक' या कादंबरीचे हक्क घेतले. घोड्यांच्या रेसकोर्सवरच्या दरोड्याची ती गोष्ट. मुख्य भूमिकेसाठी स्टर्लिंग हेडन तयार झाला. १९५० च्या 'द अस्फाल्ट जंगल'मध्ये दरोडेखोर केलेला हाच तो नट. युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीने २ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. तेवढ्यात भागेना. वरचे पैसे हॅरिसने स्वतःचे घातले, काही वडिलांकडून उसने आणले. कुब्रिकने स्वतःचं मानधन घेतलंच नाही. एकूण खर्च झाला साधारण ३ लाख २० हजार डॉलर.

आता गंमत बघा. पडद्यावर जो दरोडा पडतो तो आहे २० लाख डॉलरचा. म्हणजे सिनेमातल्या चोरांनी सिनेमाच्या खर्चाच्या सहापटीहून जास्त रक्कम लुटली!

गोष्ट अशी. जॉनी क्ले पाच वर्षांचा तुरुंगवास भोगून बाहेर आलाय आणि शेवटचा मोठा हात मारायचा म्हणतोय. त्याच्या टोळीत मुरलेला गुन्हेगार जवळपास कुणी नाही. रेसकोर्सच्या खिडकीवर बसणारा कॅशियर आहे, तिथल्या बारमध्ये काम करणारा माणूस आहे, कर्जात बुडालेला पोलीस आहे. सगळे नोकरदार, सगळ्यांना घरची काहीतरी अडचण. सातव्या रेसमध्ये धावता घोडा दुरून बंदुकीने पाडायचा, बारमध्ये एका पैलवानाने मारामारी करायची, आणि त्या गोंधळात जॉनीने पैशांच्या खोलीत शिरायचं, असा बेत.

कुब्रिकने हे सरळ क्रमाने सांगितलं नाही. तो एका माणसाचा दिवस सातव्या रेसपर्यंत आणतो, मग घड्याळ मागे फिरवतो आणि दुसऱ्याचा दिवस सुरू करतो. तीच रेस, तीच लाउडस्पीकरवरची घोषणा पुन्हा पुन्हा येते. मला यात कुब्रिकची हुशारी दिसते ती अशी की, त्याच्याकडे हजारोंची गर्दी उभी करायला पैसे नव्हते. खऱ्या रेसकोर्सवर घेतलेली थोडी दृश्यं होती आणि बाकी मोजक्या खोल्या. तीच दृश्यं परत वापरली तर लोक म्हणणार, "पैसे संपले वाटतं." पण इथे दरवेळी आपण ती वेगळ्या माणसाच्या बाजूने बघतो. त्यामुळे जी काटकसर होती तीच गोष्ट सांगायची रीत झाली.

हे आज कळतं. तेव्हा काय झालं? सिनेमा आधी काही लोकांना दाखवला, तर ते वैतागले. हेडनच्या एजंटनेही तक्रार केली की या उलटसुलट क्रमाने सगळ्याचा विचका झालाय. कुब्रिक आणि हॅरिस घाबरले. स्वाभाविक आहे, घरचे पैसे अडकले होते. त्यांनी न्यूयॉर्कला जाऊन अख्खा सिनेमा सरळ क्रमाने पुन्हा जोडला. बघितला. आणि त्यांच्या लक्षात आलं की आता यात काही उरलंच नाही, दहा दरोडापटांसारखा अकरावा. मग परत सगळं पहिल्यासारखं केलं.

इथे सिनेमाचा इतिहास अगदी थोडक्यात वाचला, असं मी म्हणेन. पण धंदा वाचला नाही. युनायटेड आर्टिस्ट्सने 'द किलिंग' नीट लावलाच नाही. 'बँडिडो' नावाच्या सिनेमाला जोड म्हणून, एका तिकिटात दुसरा, असा तो लावला. तोटा झाला सुमारे १ लाख ३० हजार डॉलरचा.

आता मला ज्यावर बोट ठेवायचंय ती गोष्ट ही. 'सिनेमा चालला नाही' आणि 'सिनेमा आवडला नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपण ती एकच धरतो. 'द किलिंग'चा तोटा हा वितरकाने त्याला कुठल्या रांगेत उभं केलं त्याचा होता. ज्यांनी बघितला त्यांच्यात वेगळीच हवा होती. 'टाइम' साप्ताहिकाने या पोराची तुलना थेट ऑर्सन वेल्सशी केली. नट कर्क डग्लसला तो इतका भावला की त्याने कुब्रिकबरोबर पुढचा सिनेमा केला, १९५७ चा 'पाथ्स ऑफ ग्लोरी'.

मग बघणाऱ्याने नेमकं काय जोखलं? माझं म्हणणं असं आहे की दरोडापट बघताना आपण सगळे हिशेबनीस होतो. कोण कुठे उभा, किती वाजले, बॅग कुणाकडे. सेट स्वस्त आहे, नट ओळखीचे नाहीत, हे आपण दहा मिनिटांत विसरतो. पण हिशेबात लबाडी दिसली की सिनेमा तिथेच मनातून उतरतो. "लॉजिक कुठाय?" हा प्रश्न आपण नाचगाण्याच्या सिनेमाला विचारत नाही, याला विचारतो. कारण यानेच आधी घड्याळ दाखवलेलं असतं.

आणि 'द किलिंग'चा शेवट इथेच कसाला लागतो. विमानतळावर एका बाईंचं लहानसं कुत्रं सुटून धावपट्टीकडे पळतं. सामानाची गाडी वळते, बॅग पडते, उघडते, आणि पंख्याच्या वाऱ्यात २० लाख डॉलर उडून जातात. काही लोक म्हणतात, हा निव्वळ योगायोग, ही पळवाट. आक्षेप रास्त आहे. त्या काळी हॉलिवूडच्या आचारसंहितेप्रमाणे गुन्हेगाराला गुन्हा पचू द्यायचा नाही, असा नियमच होता. म्हणजे जॉनी हरणार हे कुब्रिकने नाही, नियमाने ठरवलं होतं. पण घाईत घेतलेली ती जुनी बॅग नीट लागत नाही, हे आपल्याला आधी दिसलेलं असतं. कुत्रंही आधी दिसलेलं असतं. हिशेब चुकता आहे.

सुडाचंही तसंच. कॅशियर जॉर्ज आपल्या बायकोकडून रोज टोमणे खातो. ती दरोड्याची बातमी आपल्या याराला पोचवते. शेवटी गोळीबारात जखमी झालेला जॉर्ज कसाबसा घरी जातो आणि तिला मारतो. जॉनीने प्रत्येक मिनिट मोजलं होतं. जॉर्जचा अपमान मात्र त्याने कधी मोजला नाही. चांगल्या सिनेमात सूड बाहेरून येत नाही, तो बेतात न धरलेल्या रकमेसारखा शेवटी वसूल होतो.

आता छत्तीस वर्षं पुढे. १९९२ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात क्वेंटिन टॅरेंटिनोचा 'रिझर्व्हॉयर डॉग्स' आला. फसलेल्या दरोड्याचा सिनेमा, आणि त्यात दरोडा दाखवलेलाच नाही! कान कापायच्या प्रसंगाला लोक उठून जायचे. महोत्सवात बक्षीस नाही, अमेरिकेत कमाई बेताची. त्याची खरी चर्चा झाली १९९४ च्या 'पल्प फिक्शन'नंतर. 'रिझर्व्हॉयर डॉग्स'वर 'द किलिंग'चा प्रभाव असल्याचं टॅरेंटिनोने उघड मान्य केलंय. आपल्याकडे हीच गोष्ट २००२ मध्ये 'कांटे' म्हणून आली, लॉस एंजेलिसमध्ये चित्रित होऊन, मोठे तारे घेऊन.

पण या घराण्याचा आपल्याकडचा खरा वारस माझ्या मते पुण्यात वाढलेल्या, एफटीआयआयमध्ये शिकलेल्या श्रीराम राघवनचा 'जॉनी गद्दार'. २८ सप्टेंबर २००७ ला लागला. भारत पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला त्याच आठवड्यात. नायक नवखा, नील नितीन मुकेश. पाच भागीदार, प्रत्येकी ५० लाख, एकूण अडीच कोटी, आणि त्यातलाच एक गद्दार. तो कोण हे राघवन आपल्याला लवकरच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा सगळा वेळ हिशेब आपणच ठेवायचा! शेवटी नवऱ्याच्या खुनाचा संशय शार्दूलवर धरून बसलेली वर्षा विक्रमलाच शार्दूल समजते आणि गोळी घालते. सूड चुकीच्या नावाने, पण बरोबर माणसावर.

तिकीट खिडकीवर तो पडला. पण २०१२ मध्ये मल्याळममध्ये 'उन्नम' आणि २०१८ मध्ये तमिळमध्ये 'जॉनी' म्हणून तो पुन्हा बनला. पडलेल्या सिनेमाची नक्कल सहसा कुणी पैसे घालून करत नाही.

याचा अर्थ पडलेला प्रत्येक स्वस्त सिनेमा थोर असतो, असं नाही हं. बरेचसे खरंच टाकाऊ असतात, आणि प्रेक्षक त्यांना बरोबर विसरतो. माझं म्हणणं एवढंच की आकडे बघून निकाल लावू नका. कुणीतरी वडिलांकडून उसने आणलेले पैसे त्यात असतात. सिनेमा बघा, दहा मिनिटं गरिबी माफ करा, आणि मग हिशेब तपासा. तिथे मात्र एक पैसाही सोडू नका.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.