माहेरचं पाणी

आमच्या गावात कावीळ व्हायची, पण ती डॉक्टरकडं न्यायची गोष्ट आहे असं कुणाला वाटत नव्हतं. नजर उतरवतात तशी कावीळ उतरवायची. ओढ्यापलीकडच्या वाडीत एक म्हातारा होता. रविवारी आणि गुरुवारी त्याच्या सोप्यात पिवळ्या डोळ्यांची माणसं ओळीनं बसलेली असायची. पितळेच्या परातीत चुन्याची निवळी घेऊन तो रोग्याच्या हाताला कसला तरी रस चोळायचा आणि मग परातीत हात धुवायला सांगायचा. बघता बघता पाणी पिवळंधमक. ‘निघाली बघा,’ असं तो म्हणायचा. त्यानंतर गळ्यात काड्यांची बारीक माळ घालायचा. ती माळ रोज थोडी थोडी लांबायची. बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. पथ्य एवढंच, की तेल नाही, हळद नाही, पिवळं म्हणून काही खायचं नाही. ताकभाकरी खायची आणि पडून राहायचं.

त्या माळेनं बरी झालेली माणसं मी या डोळ्यांनी बघितली आहेत. आमचे वडील बरे झाले, शेजारचा गडी बरा झाला, शाळेचे गुरुजीसुद्धा झाले. त्यामुळं म्हाताऱ्यावर कुणी शंका घेत नव्हतं. मीही घेतली नव्हती.

१९७२चा दुष्काळ सरल्यावर काही वर्षांनी गावात नळ आला. तोवर नदीचं नाहीतर आडाचं पाणी. नदीकाठी जॅकवेल झाली, देवळामागच्या उंचवट्यावर टाकी उभी राहिली आणि गावभर पाइप फिरली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली हे खरं, आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण पाइप पुरताना सोय बघितली गेली ती खोदाईची. गटार आधीच खणलेली होती, तिच्याच कडेनं, काही ठिकाणी तिच्या पोटातूनच पाइप गेली. जोडांना सुतळी गुंडाळलेली. लाइट गेली की मोटर बंद, आणि लाइट तर दिवसातून चारदा जायची. पाणी बंद झालं की आम्हा पोरांचा एक खेळ असायचा. नळाच्या तोंडाला तळहात लावायचा. नळ हात आत ओढायचा, सोडला की ‘फुस्स’ आवाज यायचा. ‘नळ पाणी पितोय’ असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो.

मी चौथीत होतो त्या वर्षी धाकटी आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरत आला होता. तिच्या सासरी विहिरीचं पाणी, शेंदून काढायचं. आज्जी म्हणाली, “हितं नळ हाय दारात. पोरगीला वाकाय नको, शेंदाय नको.” मिरगाचा पाऊस त्या वर्षी जोराचा झाला होता. गटारी रस्त्यावर आल्या होत्या. ओढ्याकडेची हागणदारी धुऊन सगळं त्या गटारीतच उतरलं होतं. नळाला दोन-तीन दिवस गढूळ पाणी आलं. आज्जीनं तुरटी फिरवली, दुपदरी फडक्यानं गाळलं. पाणी काचेसारखं झालं. मग ते आम्ही प्यायलो.

नागपंचमीच्या आसपास गावात डोळे पिवळे व्हायला लागले. आमच्या आळीत एका पंधरवड्यात दहा-बाराजण. सगळे कर्ते वयातले. आम्ही पोरं मात्र तशीच उड्या मारत होतो. आत्याला आधी मळमळ झाली. पोटुशी बाईला मळमळ व्हायचीच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग लघवी गडद व्हायला लागली, अन्नाचा वास नको झाला आणि एका सकाळी फुगडी घालणाऱ्या पोरींकडं बघत ती उंबऱ्यात बसली होती तेव्हा आई म्हणाली, “आवं आत्याबाई, वन्संचं डोळं बघा की.” त्याच गुरुवारी तिच्या गळ्यात माळ पडली.

पुढचे दिवस मला तुटक आठवतात. ती फार झोपायला लागली. हाक मारली तर उशिरा ओ द्यायची. एकदा तिनं मला तिच्या नवऱ्याच्या नावानं हाक मारली आणि मी लाजून पळालो. ज्या बाईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ती असं बोलते म्हटल्यावर आज्जी घाबरली. पण ती घाबरली बाहेरच्या बाधेला. अंगारा लावण्यात आणखी एक दिवस गेला. शेवटी भर पावसात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्री बांधून तिला तालुक्याला नेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. पोटातलं मूलही गेलं.

गावानं मग त्याच्या समजुतीप्रमाणं सगळं केलं. पोटुशी गेलेली बाई परत येते म्हणतात. स्मशानातनं येताना वाटेवर मोहरी टाकली. घराच्या उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकला. तो आज्जीनं स्वतः ठोकला, पोटच्या पोरीनं आत येऊ नये म्हणून. तो आवाज मी विसरलेलो नाही.

आणि वाडीतल्या म्हाताऱ्याचं नाव त्या वर्षी जास्तच झालं. दहा-बारांतले एक सोडून सगळे बरे झाले होते. आत्याचा हिशेब नशिबाच्या खात्यावर मांडला गेला.

*

पुढं मी आरोग्य खात्यात लागलो. गावोगाव फिरायचं, ताप-थंडीच्या काचपट्ट्या घ्यायच्या, पाण्याचे नमुने घ्यायचे. प्रशिक्षणात कावीळीचा तास झाला तेव्हा मला प्रथम कळलं, की माझ्या आत्याच्या मरणाला एक नाव आहे आणि त्या नावाला इतिहासही आहे.

तो इतिहास दिल्लीपासून सुरू होतो. नोव्हेंबर १९५५मध्ये यमुनेच्या पात्रात फेरबदल झाला आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून वजिराबादच्या उपशापाशी पोचलं. तिथल्या लोकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. शहरात पटकी झाली नाही, विषमज्वर उसळला नाही. पाणी निभावलं असंच वाटलं असणार. मग डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार माणसं पिवळी पडली. जिवाणू मेले होते, विषाणू मात्र त्यातून पार झाला होता.

त्या काळी पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे एकच, आज जिला आपण हिपॅटायटिस ‘ए’ म्हणतो ती. दिल्लीची साथही तिच्याच नावावर टाकली गेली. पण त्या साथीतलं काही रोग्यांचं रक्तजल जपून ठेवलेलं होतं. ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही कावीळींच्या तपासण्या निघाल्यावर, पंचवीसेक वर्षांनी, ते पुन्हा तपासलं गेलं. त्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. १९५२मध्ये पुण्यात सुरू झालेलं विषाणू संशोधन केंद्र पुढं राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. डॉ. खोर्शेद पावरी तेव्हा तिथल्या संचालक होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांबरोबर दिल्लीच्या जुन्या, अहमदाबादच्या १९७५-७६च्या आणि खुद्द पुण्याच्या १९७८-७९च्या साथीचे नमुने पाहिले. १९८०मध्ये त्यांनी लिहिलं, की ही ‘ए’ नव्हे आणि ‘बी’ही नव्हे. त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यात डॉ. मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव हिंडत होते. १९७८च्या हिवाळ्यात तिथल्या सुमारे दोनशे गावांत कावीळ पसरली होती आणि गरोदर बाया मरत होत्या. तेही याच निष्कर्षाला आले. मिखाइल बालायान या रशियन शास्त्रज्ञानं तर रोग्यांच्या विष्ठेपासून तयार केलेला अर्क स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली. पुढं त्याच्या विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू दिसला. त्याला हिपॅटायटिस ‘ई’ हे नाव मिळेपर्यंत आणखी काही वर्षं गेली.

म्हणजे आज्जी उंबऱ्यात खिळा ठोकत होती त्या काळात हा रोग नुकता कुठं ओळखू येत होता. तालुक्याच्या डॉक्टरलाही तेव्हा त्याचं नाव सांगता आलं नसतं.

प्रशिक्षणात दोन गोष्टी ऐकताना मी वही मिटून बसलो होतो. पहिली म्हणजे, हा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात, बहुतेकदा पाच-सहा. मिरगाला प्यालेलं पाणी नागपंचमीला दिसतं. मधल्या चाळीस दिवसांत गटारी ओसरतात, पाणी स्वच्छ होतं, माणूस सगळं विसरतो. डोळे पिवळे झाले की मग तो कालच्या जेवणात, परवाच्या उन्हात, कुणाच्या नजरेत कारण शोधतो. पटकी दोन-तीन दिवसांत उमटते, म्हणून तिचा आरोप पाण्यावर लगेच येतो. कावीळीचं पाणी मात्र पुरावा धुऊन गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट अशी. ही कावीळ बहुतेकांना आपोआप बरी होते. तिच्यावर खास औषध नाही, शरीरच चार-सहा आठवड्यांत विषाणूला हुसकतं. म्हाताऱ्याची माळ लांबायची तीसुद्धा त्यातल्या ओल्या काड्या सुकून आकसल्या की गाठी सैल पडायच्या म्हणून. हाताला चोळायचा तो रस आंब्याच्या सालीचा होता, चुन्याशी मिळून तो पिवळा होतोच. निरोग्याचे हात धुतले असते तरी परात पिवळीच झाली असती. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला ही कावीळ झाली, तर शंभरात वीस-पंचवीसजणी दगावू शकतात. माळेनं वडलांना बरं केलं नव्हतं आणि आत्याला बाधेनं मारलं नव्हतं. दोघांनी पाणी एकाच नळाचं प्यालं होतं.

आणि तो नळ ‘पाणी प्यायचा’ हेही खरंच होतं. मोटर बंद झाली की रिकामी होणारी पाइप आत ओढते. सुतळीच्या जोडातून गटारीचं पाणी आत जातं आणि पुन्हा मोटर लागली की पहिल्या घागरीत तेच येतं. हा विषाणू एवढा बारीक, की तीस हजार एका ओळीत ठेवले तरी एका मिलिमीटरच्या आतच मावतील. दुपदरी फडकं त्याला काय अडवणार? तुरटीनं गाळ खाली बसतो, विषाणू मरत नाही.

*

तेव्हापासून माझी नोकरी म्हणजे मुख्यतः टीसीएलची बादली. ही पांढरी पावडर तशीच टाकीत ओतायची नसते. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची आणि निदान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. उघड्या पोत्यातली पावडर महिन्या-दोन महिन्यांत नुसता चुना होऊन बसते, हे मी कितीतरी ग्रामपंचायतींत सांगून दमलो. नंतर नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकून बघायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. लोक म्हणायचे, “सायेब, तुमी बी पिवळंच करून दावताय की, त्या म्हाताऱ्यावानी.” फरक एवढाच, की माझं पिवळं घरोघरच्या नळाला तपासता येतं. तेही शेवटच्या नळाला बघायचं, टाकीखालच्या नाही. विषाणूपासून जपायचं तर लिटरमागं निदान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. अर्थात फुटकी पाइप गटारीत तशीच ठेवून नुसत्या पावडरीवर विसंबणं म्हणजे दिल्लीचीच चूक पुन्हा करणं. आधी जोड दुरुस्त करायचा, पाइप गटारीतून वर काढायची आणि संडास वापरात आणायचे. ते होईस्तोवर पाणी उकळायचं. कोमट करून भागत नाही, चांगली खळखळ उकळी फुटू द्यायची. सरपण महाग आहे मला कळतं. मग निदान पोटुशी बाईपुरतं तरी.

आणि पोटुशी बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. माळ घालायची हौस असेल तर गाडीत बसल्यावर घाला, असं मी सांगतो. कुणी गुंगायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, उलट्या थांबेनात, तर एक तासही दवडू नका.

‘हे जुनं झालं,’ असं म्हणायची सोय नाही. २०१२मध्ये इचलकरंजीत कावीळीची साथ येऊन माणसं गेली, २०१५-१६मध्ये सिमल्यात आली. ती शहरं आहेत, तिथं शुद्धीकरणाची केंद्रं आहेत.

मी हे सगळं आज्जीला सांगितलं, ती ऐंशीच्या पुढं गेल्यावर. मला वाटलं होतं तिच्या मनावरचं ओझं उतरेल. बाधा नव्हती, लेक परत येत नव्हती. ती ऐकून घेत गप्प बसली. मग म्हणाली, “म्हंजी पाण्यानं नेलं म्हण की.” जरा वेळानं पुन्हा, “तांब्या मीच भरून देत हुते रं तिला.”

वाटलं, उगाच सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर चुलीवर मोठं पातेलं चढलेलं होतं आणि आज्जी माझ्या बायकोला सांगत होती, “वाफ आली म्हून उतरू नगंस. खळाखळा उकळू दे.” माझी बायको तेव्हा पाच महिन्यांची होती.

खिळा अजून उंबऱ्यात आहे. गंजून त्याचं डोकं झिजलंय. पावसाळा लागला की मी गावातल्या गरोदर बायांची यादी काढतो. त्यात माहेरपणाला आलेल्या लेकींची नावं पंचायतीच्या वहीत नसतात, ती आळीत विचारून लिहून घ्यावी लागतात. ओटीची बाटली घेऊन मी आधी त्यांच्या दारातल्या नळावर जातो.