तंतुकणिकेतील प्रथिनवहन

तंतुकणिकेतील प्रथिनवहन : पेशीद्रवात तयार झालेली प्रथिने तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) नेऊन ठरलेल्या जागी बसवण्याची प्रक्रिया. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो, पण तेवढ्यावर तिचे भागत नाही. मानवी तंतुकणिकेच्या डीएनएत 16,569 बेस-जोड्या असून त्यांतून अवघी 13 प्रथिने बनतात. उरलेली हजारभर प्रथिने केंद्रकातील जनुकांनुसार बाहेरच्या रायबोसोमांवर घडतात.

प्रवेशमार्ग : बहुसंख्य प्रथिनांच्या आरंभी साधारण 15 ते 50 अमिनो आम्लांचा धनभारित संकेतखंड असतो. प्रथिनाची घडी अकाली पडू नये म्हणून एचएसपी70 सारखी सहायक प्रथिने त्याला उलगडलेले ठेवतात. बाह्य पटलावरील टॉम20 व टॉम22 हे ग्राही संकेतखंड ओळखतात आणि टॉम40 च्या छिद्रातून प्रथिन आत सरकते. अंतःपटलावर टिम23 संकुल त्याला वाट देते. आतली बाजू ऋणभारित असल्याने धनभारित टोक तिकडे ओढले जाते. पुढची ओढ एटीपी खर्चून आतील एचएसपी70 घेते. आधारद्रव्यात (अंतःपटलाच्या आतील द्रव्यात) पोचताच एक विकर संकेतखंड कापून टाकते आणि प्रथिनाची घडी पडते. अंतःपटलातील वाहक प्रथिनांसाठी टिम22, तर बाह्य पटलातील नळीसारख्या प्रथिनांसाठी सॅम संकुल असते.

कपाशीतील महत्त्व : संकरित सरकी तयार करताना मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर आदल्या संध्याकाळी हाताने काढून दुसऱ्या दिवशी सकाळी परागीकरण करतात. पुंकेसर काढण्याची ही मजुरी वाचवण्यासाठी नरवंध्य (कार्यक्षम पराग न देणारे) मादी वाण वापरतात. पेशीद्रवी नरवंध्यत्वात दोष तंतुकणिकेच्या डीएनएत असतो, म्हणून तो आईकडूनच पुढे जातो. गॉसिपियम हार्कनेसी या मेक्सिकोतील रानकपाशीचे पेशीद्रव यासाठी वापरले गेले. अमरावती-अकोल्याच्या कपाशी पट्ट्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना 1969) 1990 च्या दशकात पीकेव्ही हायब्रिड-3 व पीकेव्ही हायब्रिड-4 हे संकर नरवंध्यत्वाच्या आधारे काढले.

नरवंध्य झाडाची सरकी पेरून बोंडे हवी असतील, तर संकरित झाडात पराग परत यायला हवेत. ते काम नर वाणाकडून आलेले पुनःस्थापक जनुक करते. वनस्पतींतील अशी बरीच जनुके पीपीआर कुळातील प्रथिने घडवतात. ही प्रथिने पेशीद्रवात तयार होऊन टॉम-टिम मार्गाने तंतुकणिकेत शिरतात, तेथील सदोष जनुकाच्या आरएनएला चिकटतात आणि त्यापासून घातक प्रथिन बनू देत नाहीत. दोष दुरुस्त होत नाही, त्याचा परिणाम तेवढा रोखला जातो. जनुक कमकुवत ठरले, तर पराटी (कपाशीचे झाड) फुलते, पण पराग अपुरे पडून बोंडधारणा घटते. म्हणून नर वाण निवडताना त्याची पुनःस्थापनक्षमता आधी तपासली जाते.