खारदांड्याचे बोंबील आणि फोर्टातला डबा

१/ नोकरदाराने घरचे अन्न खावे, असे आज आहारतज्ज्ञ सांगतात. मुंबईत मात्र हा प्रश्न आरोग्याचा होण्याच्या कितीतरी आधी जातीचा आणि अंतराचा होता.

२/ १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसे घेऊन डबे पोहोचवण्याचे काम सुरू केले, असे डबेवाल्यांची परंपरा सांगते. फोर्टातल्या पेढ्यांत नाना जातिधर्मांची माणसे एकत्र काम करीत. जेवणाचे नियम मात्र ज्याचे त्याचे. कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे नाही, याचा काच मोठा होता. डब्याने तो टाळला, मोडला नाही.

३/ पुढे शहर उत्तरेला सरकले. खार रोड स्थानक १९२४ चे. १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेची लोकल धावू लागली. कारकून सकाळी लवकर निघे, डबा मागाहून येई.

४/ खारदांड्याचा कोळीवाडा या स्थानकाहून पुष्कळ जुना. ताज्या बोंबलात पाणीच फार. बांबूच्या आडव्या काठ्यांवर उन्हात वाळला की त्यातली प्रथिने एकवटतात आणि तो पावसाळाभर टिकतो. पोषणाच्या हिशेबात असे स्वस्त अन्न विरळाच. तरी डब्यातून त्याची चटणी निघाली की शेजारचे टेबल नाक मुरडते! म्हणजे डब्यात काय जावे, हे केवळ जीवनसत्त्वे ठरवीत नाहीत.

५/ आणि ज्यांचे घरच मुंबईत नव्हते? गिरणगावात कोकण-घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना खाणावळवाल्या बायका जेवू घालीत. कामगार महिनाअखेर पैसे देई, वाणी मात्र तोवर थांबत नसे. म्हणून या बायका सावकाराच्या व्याजात अडकत. ज्यांच्या हातच्या जेवणावर हजारोंची पाळी निभावे, त्यांना बँक दारात उभी करीत नव्हती.

६/ गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या, खाणावळीतली माणसे गावी परतली. अन्नपूर्णाच्या बायका मग कचेऱ्यांनाही जेवण पुरवू लागल्या.