लाला अमरनाथ : शिक्षा आणि क्षमा

इ. स. १९३६ च्या जून महिन्यांत ‘कैसर-इ-हिंद’ ही आगबोट विलायतेहून हिंदुस्थानाकडे निघाली, तेव्हां तींत चोवीस वर्षांचा एक पंजाबी तरुण होता. हिंदी क्रिकेटसंघाबरोबर तो त्याच उन्हाळ्यांत इंग्लंडला गेला होता. संघाचे तिन्ही कसोटी सामने अद्यापि व्हावयाचे होते. दौऱ्यांत ६१३ धांवा व ३२ गडी अशी त्याची कामगिरी झालेली होती, आणि एसेक्सविरुद्ध तर एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यानें शतकें काढलीं होतीं. तरीहि ‘बेशिस्त’ असा शिक्का मारून त्यास घरीं परत धाडण्यांत येत होतें.

ह्या तरुणाचें नांव लाला अमरनाथ. तें नांव घरोघर नेलें तें मुंबईनेंच. १९३३ च्या डिसेंबरांत जिमखान्याच्या मैदानावर ह्या देशांतला पहिला कसोटी सामना झाला. जार्डिनच्या संघानें पहिल्या डावांत २१९ धांवांची आघाडी घेतली होती आणि दुसऱ्या डावांत आपले दोन गडी झटपट बाद झाले होते. अशा वेळीं बावीस वर्षांच्या ह्या नवख्या खेळाडूनें सी. के. नायडूच्या जोडीनें १८६ धांवांची भर घातली व स्वतः ११८ धांवा काढल्या. कसोटी सामन्यांतलें हिंदी खेळाडूचें हें पहिलें शतक, आणि तेंहि पहिल्याच सामन्यांत! प्रेक्षकांतील स्त्रियांनीं अंगावरचे दागिने काढून त्याच्यापुढें टाकले असें सांगतात. तो सामना आपण नऊ गड्यांनीं हरलों, ही गोष्ट मात्र ज्याला त्याला मुद्दाम आठवून पाहावी लागते.

१९३६ च्या दौऱ्याचें नायकत्व आधीं पतौडीच्या नबाबांकडे जावयाचें होतें. त्यांनीं माघार घेतली, तेव्हां क्रिकेट जाणणाऱ्या कोणालाहि नायडूशिवाय दुसरें नांव सुचलें नसतें. परंतु नायकाची निवड खेळाडूंच्या मतानें व्हावयाची नव्हती, ती मंडळाच्या मतांनीं व्हावयाची होती. आणि मतें मिळविण्याच्या खेळांत विजयानगरमच्या महाराजकुमारांचा हात धरणारा कोणी नव्हता. महाराजकुमार क्रिकेटचे मोठे हौशी व दानशूर आश्रयदाते होते, हें मान्य केलेंच पाहिजे. हॉब्स व सटक्लिफ ह्यांच्यासारख्या जगप्रसिद्ध फलंदाजांना १९३०-३१ सालीं त्यांनींच आपल्या संघांतून खेळण्यासाठीं ह्या देशांत आणलें होतें. पण आश्रय देणें निराळें आणि मैदानावर क्षेत्ररचना करणें निराळें. तीन कसोटी सामन्यांत मिळून महाराजकुमारांच्या धांवा झाल्या तेहतीस.

संघांत लवकरच दोन तट पडले. नायकाची मर्जी सांभाळणारे एकीकडे, नायडूला मानणारे दुसरीकडे. ओव्हलच्या सामन्यांत एका खेळाडूला जागा मिळाली ती त्यानें न्याहारीच्या वेळीं चारचौघांत नायडूचा अपमान केल्याबद्दल, अशी कथा तेव्हांपासून चालत आलेली आहे. मँचेस्टरला विजय मर्चंट व मुश्ताक अली ह्यांनीं २०३ धांवांची अविस्मरणीय सलामी दिली, तेव्हां मर्चंटला धांवबाद करण्याची सूचना खुद्द नायकाकडूनच मुश्ताकला झाली होती, असेंहि पुढें सांगितलें गेलें. त्यांतील अतिशयोक्तीचा अंश वजा केला तरी अशा कथा ज्या संघाविषयीं विश्वासार्ह वाटाव्या, त्याची अवस्था काय असेल ती असो.

अमरनाथचा स्वभाव ह्या वातावरणाला मुळींच मानवणारा नव्हता. तो तोंडाचा तिखट होता. क्षेत्ररचनेवरून त्याचे व नायकाचे खटके उडालेले होते, आणि व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स ह्यांच्याकडून त्याला ताकीदहि मिळालेली होती. लॉर्ड्सवर मायनर कौंटीजविरुद्धच्या सामन्यांत त्याची पाठ दुखावलेली होती. पॅड बांधून तो आपल्या पाळीची वाट पाहत बसला. परंतु एकामागून एक दुसरेच फलंदाज पुढें पाठविले गेले आणि दिवसाचा खेळ संपावयास थोडाच अवधि उरला असतां त्याला आंत धाडण्यांत आलें. परत आल्यावर त्यानें आपलें सामान पेटींत आदळलें आणि पंजाबींत कांहीं शब्द उच्चारले. नायकाला ते शब्द कळले कीं नाहीं हा प्रश्न गौण आहे. त्यांतला राग कळण्यास भाषांतराची जरुरी नव्हती.

अपराध एवढाच. ज्येष्ठ खेळाडूंनीं रदबदली केली, अमरनाथनेंहि क्षमा मागितली. परंतु नायक व व्यवस्थापक ह्यांनीं ती नाकारली आणि त्याला बोटीवर बसविलें. पहिला कसोटी सामना २७ जूनला त्याच लॉर्ड्सवर सुरू झाला तेव्हां महाराजकुमारांच्या नांवामागें ‘सर’ ही नवी पदवी लागलेली होती. ती त्याच आठवड्यांत जाहीर झाली होती.

येथें परतलेल्या अमरनाथला लोकांनीं गुन्हेगार मानलें असेल, असें ज्यांना वाटत होतें त्यांनीं लोकांना ओळखलेंच नव्हतें. जिमखान्यावरची ती दुपार विसरली गेली नव्हती. हिंदी खेळाडूला गोऱ्या व्यवस्थापकाच्या सल्ल्यानें संस्थानी नायकानें हांकलून द्यावें, ह्या गोष्टीचा त्या काळीं जो अर्थ लावला जाणें शक्य होतें तोच लावला गेला. अखेर चौकशी झाली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट ह्यांच्या समितीचा अहवाल १९३७ च्या जानेवारींत पुढें आला. नायकाला क्षेत्ररचना व गोलंदाजींतील फेरबदल ह्यांची समज नव्हती, फलंदाजीचा क्रम त्यांनीं कधींच स्थिर ठेवला नाहीं, असा त्याचा आशय होता. अमरनाथवरचा डाग त्यानें धुतला गेला.

परंतु धुतला गेलेला डाग आणि परत मिळालेले सामने ह्या एकच गोष्टी नव्हेत. १९३६ च्या ऑगस्टनंतर हिंदुस्थानच्या वांट्याला पुढचा अधिकृत कसोटी सामना आला तो थेट १९४६ च्या जूनमध्यें. मध्यें महायुद्ध झालें. चोविसाव्या वर्षीं हिरावलेले तीन सामने व त्यांच्या पाठीवर आलेलीं रिकामीं दहा वर्षें, ह्यांची भरपाई कोणत्याहि अहवालाला करतां येण्यासारखी नव्हती. फलंदाजाच्या आयुष्याचा तोच ऐन भर. कारकीर्दीतील चोवीस कसोटी सामन्यांत जिमखान्यावरचें तें शतकच अमरनाथचें एकमेव शतक राहिलें.

१९४६ सालीं तो पुनः लॉर्ड्सवर उतरला तेव्हां पस्तिशीच्या उंबरठ्यावर आलेला होता, आणि हातीं आतां बॅटीपेक्षां चेंडू अधिक वळत होता. हटन, वॉशब्रुक, कॉम्प्टन व हॅमंड हे इंग्लंडचे पहिले चार मोहरे त्यानें एकट्यानें टिपले. कॉम्प्टन तर पहिल्याच चेंडूवर. सामना आपण हरलों, पण ११८ धांवांत पांच गडी ही त्याची कामगिरी ज्या मैदानावर झाली तें मैदान लक्षांत घेतलें म्हणजे तिची गोडी कळते.

पुढच्याच वर्षीं स्वतंत्र हिंदुस्थानचा पहिला संघ ऑस्ट्रेलियास निघाला. नियोजित नायक मर्चंट ह्यास प्रकृतीमुळें राहावें लागलें, आणि नायकत्व अमरनाथकडे आलें. बेशिस्तीबद्दल परत धाडलेल्या खेळाडूनेंच आतां देशाच्या संघाला शिस्त लावावयाची होती! ब्रॅडमनच्या त्या बलाढ्य संघापुढें चार सामने गमावले गेले खरे. परंतु व्हिक्टोरियाविरुद्ध अमरनाथनें नाबाद २२८ धांवांची जी खेळी केली तिची वाखाणणी प्रतिपक्षानेंहि केली.

ही कथा येथें संपली असती तर ती फार गुळगुळीत झाली असती. १९४९ सालीं सततची गैरवर्तणूक व शिस्तभंग ह्या आरोपांखालीं मंडळानें त्याला पुनः दूर केलें. ह्या वेळीं समोर संस्थानिक नव्हता, मंडळाचे अध्यक्ष अँथनी डि’मेलो होते. आणि अमरनाथनें जाहीर निवेदन काढून प्रत्येक आरोपाला उत्तर दिलें. लोकांचें मत ह्या खेपेस पहिल्यासारखें एकमुखी राहिलें नाहीं. एकदां छळला गेलेला मनुष्य दर वेळीं निर्दोषच असतो असें थोडेंच आहे? हळूहळू तडजोड झाली व १९५१-५२ मध्यें तो परत खेळला. १९५२ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत मात्र त्याला नेलें नाहीं. तेथें तीन सामने गमावून संघ परतला, आणि पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या मालिकेसाठीं नायक म्हणून अमरनाथचीच आठवण झाली. दिल्ली व मुंबईचे सामने जिंकून ती मालिका त्यानें २-१ अशी जिंकली. मंडळाची क्षमा ही बहुधा गरजेच्या पावलांनींच चालत येते.

महाराजकुमारांना लोकांनीं क्षमा केली ती निराळ्या रीतीनें. म्हणजे केवळ विसरून. ‘सर’ ही पदवी त्यांनीं १९४७ सालीं टाकून दिली. नभोवाणीवर ते क्रिकेटचें समालोचन करूं लागले, १९५४ सालीं क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले व १९५८ मध्यें पद्मभूषण. त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळांत, १९५४-५५ च्या हंगामांत, हिंदी संघ पहिल्यानें पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला. मेजर ब्रिटन-जोन्स ह्यांनीं १९३६ सालीं भूषविलेली जागा, म्हणजे व्यवस्थापकाची, त्या दौऱ्यांत लाला अमरनाथकडे होती.