रखवालदार आणि वैद्य

एखादा मनुष्य विक्षिप्त वागूं लागला, कीं ‘ह्याला ठाण्यास किंवा येरवड्यास पाठवा’ असें आपल्या घरांतून विनोदानें म्हटलें जातें. ह्या विनोदांत उपचाराची कल्पना नाहीं. आहे ती केवळ डोळ्यांआड करण्याची. इतिहास पाहिला असतां ह्याचें नवल वाटत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंदुस्थानांतील वेड्यांच्या इस्पितळांवर तुरुंगखात्याची देखरेख होती. तेथील डॉक्टर ज्वर ओळखण्यांत निपुण असेल. परंतु भ्रमिष्टाच्या असंबद्ध बोलण्यांतून त्याचें दुःख कसें ओळखावें, हें त्यास कोणीं शिकविलेंच नव्हतें.

तें शिकवावें लागतें, हा विचार लंडनमध्यें हेन्री मॉड्स्ले ह्यांनीं कृतींत आणिला. १९०७ सालीं त्यांनीं तेथील काउंटी कौन्सिलास ३०,००० पौंड देऊं केले. मात्र रोगाच्या आरंभींच उपचार व्हावेत आणि त्याच रुग्णालयांत अध्यापन व संशोधनहि चालावें, अशी त्यांची अट होती. मध्यंतरीं महायुद्ध आलें. त्यामुळें नागरिकांसाठीं तें रुग्णालय उघडण्यास १९२३ साल उजाडलें.

आपल्याकडे ही निकड नाशिकास जन्मलेल्या सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीनें १९४६ सालीं मांडली. इंग्लंडांत ३०० लोकांमागें मनोरुग्णांसाठीं एक खाट, तर येथें सुमारें ४०,००० लोकांमागें एक! समितीनें केवळ खाटा मागितल्या नाहींत. शिकलेलीं माणसें मागितलीं. त्यांतून १९५४ सालीं बंगलोरच्या मनोरुग्णालयास जोडून अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. डॉ. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक. पुढच्याच वर्षीं तेथें डॉक्टरांसाठीं पदविकेचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९७४ पासून तीच संस्था निम्हान्स ह्या नांवानें प्रसिद्ध आहे.

ही विद्या केवळ ग्रंथांतून येत नाहीं. विद्यार्थ्यानें रुग्णापाशीं बसावें, आप्तांकडून पूर्ववृत्त काढावें, तें गुरूपुढें मांडावें. आणि ‘हें रुग्ण म्हणाला, कीं तुम्हीं तर्क केला?’ ह्या प्रश्नानें निरुत्तर होऊन पुन्हां त्याच खाटेपाशीं जावें. ऐकण्याची ही शिस्त अंगीं बाणल्यावांचून रखवालदाराचा वैद्य होत नाहीं.

निम्हान्सच्या २०१५-१६ च्या पाहणींत निरनिराळ्या मनोविकारांच्या शेंकडा ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोंचत नसल्याचें आढळलें. तरीहि वैद्यकीय पदवीच्या अभ्यासांत ह्या शास्त्रास दीर्घकाळ स्वतंत्र परीक्षा नव्हती. आणि ज्याची परीक्षा नाहीं तें विद्यार्थी वाचीत नाहींत, हें आम्हां प्राध्यापकांस कोणीं सांगावयास नको.